कुंभारणीची गुणगुण

मावशींनी खुर्ची जमिनीवर आडवी केली, पाठीच्या चौकटीला कान लावला आणि एक हात वर करून खूण केली. गप्प.

ती दारातच थांबली. एका हातात औषधांची पिशवी होती, दुसऱ्या हातात पर्स, आणि चपला अजून पायातच होत्या.

"आहेत," मावशी म्हणाल्या. "सगळ्या आहेत."

"कोण?"

"भाडेकरू. ये, ऐक."

"मावशी, काही ऐकू येत नसतं. कोशात असतात त्या."

"बरं बाई पंडिता. तुला नसेल येत."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. उठताना त्यांना हल्ली खुर्चीचाच आधार लागायचा, आणि या खोलीत धड बसता येईल अशी खुर्ची मिळणं मुश्कील होतं. भिंतीवरच्या खुंट्यांना खुर्च्या टांगलेल्या, कोणाची बैठक फाटलेली, कोणाची पाठ. "सगळ्या बिनबुडाच्या," असं मावशी नव्या गिऱ्हाइकाला हटकून सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. कोपऱ्यातल्या घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या असत. ओल्या वेताचा तो वास तिच्या लहानपणीच्या सगळ्या कपड्यांना यायचा. वर्गात शेजारच्या मुली नाक मुरडायच्या.

आडवी पडलेली खुर्ची फोटोवाल्यांची होती. चौकातल्या स्टुडिओत पडद्यापुढे ठेवलेली असायची ती. अर्ध्या गावाने तिच्यात बसून मान ताठ केली होती. जुना वेत काढून मावशींनी ती खिडकीजवळ ठेवली आणि दुसऱ्या कामात गुंतल्या. तेवढ्यात कुंभारणींनी, म्हणजे मातीची घरं बांधणाऱ्या त्या गांधीलमाश्यांनी, डाव साधला. बैठकीची भोकं आरपार होती, ती त्यांनी सोडून दिली. पण पाठीच्या चौकटीची भोकं लाकडात मध्येच थांबणारी, करंगळीच्या पेराएवढी खोल. असं तयार घर कोण सोडतं? एकेका भोकात त्यांनी अळ्या भरल्या, अंडं घातलं आणि तोंडं मातीने लिंपून टाकली. वरचा हात इतका साफ, की लाकडावर कोणी करड्या टिकल्या लावल्यात असं वाटावं.

"फोटोवाल्यांचा फोन आला होता का?" तिने विचारलं.

"रोज येतो. मी सांगितलं, आत बाळंतपणं चाललीत."

"आणि ते?"

"म्हणाले, बारशाला बोलवा."

तिला हसू आलं नाही. आठवडाभर वाचनालयात लोकांनी फाडलेली पानं चिकटवून तिचं डोकं उठलं होतं. "मावशी, गिऱ्हाईक आहे ते. टोच्याने भोकं साफ केली तर दोन मिनिटांचं काम आहे."

मावशींनी वळून पाहिलं. मग खिशातून टोच्या काढला. कामाच्या झग्याला त्यांनी स्वतः शिवलेला तो मोठा खिसा, त्यात काय नसायचं! टोच्याची मूठ तिच्याकडे करून त्यांनी तो पुढे धरला.

"घे. कर साफ."

तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली. टोच्या काही घेतला नाही.

"आतल्या पिल्लांनी अळ्या संपवल्या असतील आता," ती नुसतंच म्हणाली. "अजून थोडे दिवस लागतील."

"तेच म्हणते मी." टोच्या परत खिशात गेला.

चहा झाला. कोणत्या गोळ्या सकाळी, कोणत्या रात्री, ते तिने डब्यावर चिठ्ठ्या चिकटवून पुन्हा समजावलं. मावशींनी सगळ्याला मान डोलावली. वडील गेल्यानंतर ती या घरात येणार नाही, अशी नातेवाइकांची खात्री होती. कोणी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. पण ती दर रविवारी येत होती. औषधं आणायची, दिवे बदलायची, नळ गळत असला तर माणूस बोलवायची. तिच्या वागण्यात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. मावशींनी एकदा शेजारणीला सांगितलं होतं, मुलगी अगदी सरकारी वेळेवर येते हो. कौतुकाने की कशाने, हे शेजारणीला कळलं नाही, आणि ते तसंच तिच्यापर्यंत पोचलं.

निघताना मावशी दारापर्यंत आल्या.

"तुला ती गोष्ट आठवते का गं? कुंभारणीची? तू एवढीशी होतीस तेव्हा सांगायचे मी."

तिने चपलेचा पट्टा लावला. तो लागलेलाच होता. काढून पुन्हा लावला.

"नाही," ती म्हणाली. "कुठली?"

"जाऊ दे. मलाही नीट आठवत नाही आता." मावशींनी बाहेर पाहिलं. "वारा सुटलाय. कान झाकून घे."

फाटकाबाहेर पडेपर्यंत तिने ओढणी डोक्यावर धरली. वळणावर सोडून दिली.

गुरुवारी दुपारी शेजारीणकाकूंचा फोन आला. मावशी बैठ्या स्टुलावरच भिंतीला टेकून होत्या. काकूंना वाटलं, डोळा लागलाय. वेताची पट्टी हातात तशीच होती, वाळून कडक झालेली.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

"नातेवाईक."

"म्हणजे कोण?"

"माझ्या वडिलांच्या..." ती म्हणाली आणि थांबली. नर्सला घाई होती. तिने पुढचं ऐकून घेतलं नाही, आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

पुढचे दिवस माणसांचे गेले. येणारे येत होते, बसत होते, मावशींच्या हातच्या खुर्च्या आपल्याकडे अजून कशा टिकून आहेत ते सांगत होते. आत्या तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "तू शेवटपर्यंत केलंस हो. सख्खी असती तरी इतकं..." आणि मग आपलं काहीतरी चुकलं असं वाटून पाण्याला उठली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. लोकांनी तेही समजून घेतलं. लोक इतके समजूतदारपणे वागत होते, की ती कपबशा विसळायला आत जाऊन बसायची.

सगळे पांगल्यावर ती घर आवरायला बसली, आणि गोष्ट आठवायला लागली. आठवायला लागली असं तरी कसं म्हणायचं? ती कधी विसरलीच नव्हती.

आई गेली तेव्हा ती नुकती शाळेत जायला लागली होती. वर्ष उलटायच्या आत वडिलांनी मावशींना घरी आणलं. "हिला मावशी म्हण," असं आत्याने दारातच सांगितलं आणि तेच कायम झालं. मागच्या खोलीच्या खिडकीत तेव्हा एका कुंभारणीने घर बांधायला घेतलं होतं. मावशींनी तिला कडेवर घेऊन ते दाखवलं. म्हणाल्या, "ही बघ काय करते. कुणाची कुठली एक अळी उचलून आणते. मातीच्या खोलीत ठेवते, दार लिंपून टाकते आणि बाहेर बसून गुणगुणत राहते. गुणगुणते, गुणगुणते. ते ऐकता ऐकता आतल्या अळीला पंख फुटतात. दार फोडून बाहेर येते तेव्हा ती अळी नसतेच. हिच्यासारखीच कुंभारीण झालेली असते. हिचीच."

मावशींनी सहज सांगितली असेल, की मुद्दाम? ते तिला आजही ठरवता येत नव्हतं. पण त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिने दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. दारापलीकडे मावशी विणत बसल्या होत्या आणि विणता विणता गुणगुणत होत्या. गाणं नव्हतं ते. शब्द नाहीत, धड चाल नाही, वर जाऊन दोनदा खाली उतरणारे चार सूर, आणि पुन्हा पहिल्यापासून. तिने उशीचा कोपरा उसवला, कापूस काढला आणि दोन्ही कानांत बोळे घातले. तिला कुणाचं काही व्हायचं नव्हतं. ती आईची होती.

कापूस सापडायला वेळ लागला नाही. मावशी तिची वेणी घालत होत्या, तेव्हा बोळा खाली पडला. "कान दुखतो का गं?" तिने मान हलवली. हो म्हणणं सोपं होतं. मावशींनी हातातलं काम टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत नळी घालून पाहिलं आणि काही नाही म्हणाले. मावशींचं समाधान झालं नाही. त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. तेव्हापासून वारा सुटला की कान झाक, आंघोळ झाली की कान पूस, गाडीच्या खिडकीशी बसू नकोस. न दुखणाऱ्या कानाची इतकी बडदास्त जगात कुणाची झाली नसेल.

मग ती बारा वर्षांची झाली आणि तिच्या हाती कीटकांवरचं एक जाडजूड पुस्तक लागलं. ते तिने एका बैठकीत वाचून काढलं. वाचून झाल्यावर ती तशीच उठून पुढच्या खोलीत गेली.

"ती अळी कुंभारीण होत नाही," ती म्हणाली. "कुंभारीण तिला डंख मारून लुळी करते. मग तिच्याजवळ अंडं घालते. अंड्यातलं पिल्लू तिला खातं. जिवंत. बाहेर येतं ते पिल्लू. अळी संपलेली असते."

मावशी विणताना गुणगुणत होत्या, त्या थांबल्या.

"असं होय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग ती गुणगुणते कशाला?"

पुस्तकात ते नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण अळीसाठी नाही. ऐकून कुणी कुणाचं होत नसतं."

मावशींनी पट्टी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या उजव्या कानाकडे, मग डाव्या. बराच वेळ. आणि हात पुढे करून तिच्या कानावर आलेली केसांची बट मागे सारली.

त्यानंतर त्या घरात तिने गुणगुण ऐकली नाही.

पुढे नोकरी लागल्यावर, वाचनालयातल्या एका नव्या पुस्तकात तिला उत्तर सापडलं. कुंभारीण माती बसवताना अंग थरथरवते. त्या थरथरीने माती सैल होते आणि फटीफटीत जाऊन बसते. गुणगुणल्याशिवाय घर बांधताच येत नाही तिला. तिने पानात खूण घालून ठेवली होती. रविवारी मावशींना सांगू, असं तिने पुष्कळ रविवार ठरवलं.

फोटोवाले आले तेव्हा ती खुंट्यांवरच्या खुर्च्या उतरवून गिऱ्हाइकांची नावं आठवत होती. ठेंगणा, गोल माणूस, गळ्यात कॅमेरा नसला तरी मान सारखी एका बाजूला कललेली. त्यांनी दारात चपला काढल्या, आत आले आणि बैठ्या स्टुलाकडे बघत उभे राहिले.

"घाई नाही," ते शेवटी म्हणाले. "सहज आलो. लोक उभ्याने फोटो काढून घेतायत. काय बिघडतंय? पोट तेवढं आत घ्यावं लागतं."

"खुर्ची तशीच न्यायची असेल तर..."

"भाडेकरूंसकट?" त्यांनी वाकून चौकटीवरच्या टिकल्या पाहिल्या. "गेले नाहीत अजून?"

"नाही."

बोलता बोलता तिचं लक्ष टोच्याकडे गेलं. झगा खुंटीला होता, खिशातून मूठ डोकावत होती. खरंच दोन मिनिटांचं काम होतं.

"तुम्ही थांबाल का थोडं?" तिने विचारलं. "आत..." शब्द तोंडात विचित्र वाटला, तरी ती म्हणाली, "आत बाळं आहेत. तोवर मी बैठक विणून ठेवते. मला येतं."

"वा! म्हणजे दुकान चालू राहणार." ते खुश झाले. "मी तर आज फाटकाशी घुटमळलो. एरवी लांबूनच कळायचं ना, गुणगुण ऐकू आली की समजायचं बाई कामाला बसल्यात."

तिने हातातली खुर्ची खाली ठेवली. "त्या गुणगुणायच्या नाहीत."

"काय सांगता! दिवसभर. मी म्हणायचो, बाई, एकदा पुढचं कडवं तरी होऊ द्या."

"मी कधी ऐकलं नाही."

"तुम्ही कशा ऐकाल?" फोटोवाले अगदी साधेपणाने म्हणाले. "एकदा असाच बसलो होतो इथे. बाहेर फाटक वाजलं तशा एकदम गप्प झाल्या. मी विचारलं, काय झालं हो? तर म्हणाल्या, मुलगी आली. तिच्या कानांना त्रास होतो."

तिने खाली ठेवलेली खुर्ची उचलली आणि पुन्हा खुंटीला अडकवली. फोटोवाल्यांना वाटलं आपण जास्त बसलो. ते चपला घालून निघून गेले. फाटक वाजलं. त्याचा आवाज एवढा मोठा येतो हे तिला माहीत नव्हतं. ते नेहमी तिच्याच हातून वाजायचं.

मग रविवार कामाचे झाले. तिने नवे वेत घमेल्यात भिजत घातले. लहानपणी ती नुसती पट्टीचं टोक धरून बसायची, भोकात खुंटी मारायची, तेवढंच. पण हातांनी बरंच काही पाहून ठेवलं होतं. आधी उभे पदर, मग आडवे, पुन्हा उभे, मग तिरपे. चकचकीत बाजू वर. पट्टी पिळली गेली की मोडते, कोरडी झाली की मोडते, आणि घाई केली तर मोडतेच मोडते. पहिली ओळ तिने उसवली. दुसरीही उसवली. बोटांची सालपटं निघाली. शेजारीणकाकू डोकावून म्हणाल्या, "अगं, माणूस लाव की कुणी," आणि तिचं तोंड बघून चहा ठेवायला आत गेल्या.

भोकं मात्र जशीच्या तशी. येताना ती आधी तिथे जायची. टिकल्या शाबूत होत्या. एकदा, खोलीत कुणी नाही हे पाहून, तिने चौकटीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. ती तशीच राहिली थोडा वेळ.

तिरपे पदर घालायला लागल्यावर काम अंगवळणी पडलं. एका पदराखालून, दुसऱ्यावरून, ओढ, दाब, पुढे. मान खाली घालून ती बसली होती, बैठ्या स्टुलावर, झगा अंगात. दारात सावली पडली तेव्हा तिला कळलं की कोणीतरी बराच वेळ उभं आहे.

"चालू द्या, चालू द्या," फोटोवाले म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी फाटकाशी आलो आणि पायच उचलेना. म्हटलं, बाईच बसल्यात."

"का?"

"का म्हणजे? तेच सूर. वर जायचं, दोनदा खाली यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. पुढचं कडवं तुम्हालाही येत नाही ना?"

तिचा हात पट्टीवर थांबला. ओठ मिटलेले होते. घशात मात्र काहीतरी अजून थरथरत होतं.

"अगदी आईवर गेलायत हो," फोटोवाले म्हणाले.

हे वाक्य तिला नवं नव्हतं. शाळेत, दुकानात, लग्नाकार्यात अनोळखी माणसं कधी ना कधी असं बोलून जायची आणि ती तिथल्या तिथे, शांतपणे, त्यांची चूक दुरुस्त करायची. त्या माझ्या आई नाहीत, मावशी आहेत. म्हणजे वडिलांच्या. मावशी बाजूला उभ्या असल्या तरीही. मावशी तेव्हा पिशवीत काहीतरी शोधायला लागायच्या.

तिने तोंड उघडलं. फोटोवाले मान कलती करून वाट पाहत होते.

"हो," ती म्हणाली, आणि पट्टी ओढून घट्ट केली.

ते गेल्यावर तिने उरलेले पदर पुरे केले. कडेची पट्टी बसवली, टोकं कापली, ओल्या फडक्याने बैठक पुसली. जाळी थोडी एका अंगाला ओढली गेली होती. मावशींनी ती उसवायला लावली असती. उन्हाची एक तिरीप खिडकीतून खुर्चीच्या पाठीवर आली होती.

कसलासा बारीक आवाज झाला. कोणी अगदी लहान तोंडाने खडी चावावी तसा.

ती गुडघ्यांवर बसली. डावीकडच्या एका टिकलीला चीर गेली होती. मातीचा कण सुटून नव्या बैठकीवर पडला. मग दुसरा. भोकातून एक मिशी बाहेर आली, हवेत थरथरली, आत गेली. काळं डोकं आलं, अडकलं, जोर लावून मोकळं झालं. चुरगळलेले पंख घेऊन कुंभारीण चौकटीवर आली आणि उन्हात उभी राहिली. तिला न्यायला कोणी आलं नव्हतं. कोणी येत नसतं, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. घर बांधणारी कधीच गेलेली असते. तिने पुढच्या पायांनी मिश्या पुसल्या, दोनदा, तीनदा. पंख सरळ झाले. ती उडाली, खोलीत एक फेरी मारली, खुंटीवरच्या खुर्च्यांमधून वाट काढली आणि खिडकीतून गेली. जाताना तिचा तो गुणगुणता आवाज झाला.

तिने बैठ्या स्टुलाकडे मान वळवली.

"आई," ती मोठ्याने म्हणाली. "आई, बघ. निघाली."